तळाची घागर

चित्रालेख शिकवायला मला दरवर्षी आवडतं, कारण त्यात भांडायला जागा नसते. एक आंबा म्हणजे दहा आंबे असं ठरलं की ठरलं. चित्रात तीन आंबे असतील तर तीस, वर अर्धा असेल तर आणखी पाच. मग एखादं पोर हमखास उठतं, "बाई, पण त्यायच्या घरी अजून असतील की, आढीत ठेवलेले." अशा वेळी मी डस्टर टेबलावर आपटते. "चित्रात आहे तेवढंच मोजायचं. मनाचं मिळवायचं नाही." हे वाक्य मी इतक्या मोठ्यानं म्हणत आले आहे, की शाळेच्या कुंपणाला लागून असलेल्या घरात भाकरी थापणाऱ्या माझ्या आईलाही ते पाठ झालं आहे.

शाळा माझ्या माहेरच्याच गावात आहे. सासर आष्टीत, तिथून स्कूटीवर येते आणि मधल्या सुट्टीत आईकडे जेवते. बदलीचा आदेश निघाला तेव्हा सगळ्या मास्तर मंडळींनी माझा हेवा केला होता. वडील गेल्यापासून आई त्या घरात एकटी असते. भाऊ जालन्यात मस्तगडात राहतो, लोखंडाच्या कारखान्यात कामाला आहे. तो दर दिवाळीला तिला चल म्हणतो आणि ती दर दिवाळीला त्याला करंज्यांचा डबा देऊन परत पाठवते. माझ्यावर मात्र तिचा भारी जीव. पाटीवरच्या पेन्सिलींचा खोका आणला की त्यातल्या मूठभर ती मागून घ्यायची. शेजारणीच्या नातीला पाहिजेत म्हणायची. शेजारची नात अंगणवाडीतली, तिला एवढ्या पेन्सिली कशाला, हा प्रश्न गणित शिकवणाऱ्या बाईला पडायला हवा होता. पडला नाही.

तर गोष्ट अशी झाली. उपकेंद्रातली सिस्टर आणि आमची आशाताई एका दुपारी शाळेत आल्या. आशाताई म्हणजे आशा कार्यकर्ती, घरोघर फिरून बाळंतपणं, लसी, औषधं बघणारी. तिचं खरं नाव आता तिच्या सासूलाही आठवावं लागतं. गावातल्या सगळ्या बायांचं रक्त तपासायचं होतं, अंगात रक्त किती आहे ते पाहायला. तपासणी मागंही झाली होती. तिचा निष्कर्ष वर्तुळालेख काढून ग्रामपंचायतीत चिकटवला होता. त्या गोलाचे रंगीत तुकडे पाहून एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, "हे कोणत्या गटातल्या जमिनीचं वाटप झालं?" दुसरा म्हणाला, हिरवा तुकडा मोठा दिसतोय, थोरल्याचा असंल. बायांपैकी तर कुणी तिकडं फिरकलीच नाही.

"बाई, तुम्ही गणिताच्या," आशाताई म्हणाली. "असं काहीतरी काढून द्या, की वाचता न्हाई आलं तरी बाईला कळंल. आपण कुठं हाव ते."

मी खूश झाले. हे तर माझ्या हातचं काम. मी दोन संध्याकाळी बसून पदर घेतलेल्या बायांची सुबक चित्रं काढली आणि खाली प्रमाण लिहिलं, एक चित्र म्हणजे दहा स्त्रिया. नमुना म्हणून मनानेच आकडे भरले आणि बचत गटाच्या बैठकीत कागद उलगडून दाखवला. बाया पुढं सरकल्या. बराच वेळ पाहत राहिल्या.

"दहा जणींची मिळून एकच?" एकीनं विचारलं. "मंग त्यात मी कोणती?"

"आणि ही शेवटची?" दुसरीनं बोट ठेवलं. पाच स्त्रियांसाठी मी अर्धं चित्र काढलं होतं, कमरेशी कापलेलं. "हिचं खालचं कुठं गेलं?"

"पिशवी काढली असंल," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या खो खो हसल्या. मी हसले नाही. माझं डोकं तापलं होतं. पुस्तकातला चित्रालेख पोरांना कळतो, तुम्हाला का कळत नाही, असं मी म्हणणार तेवढ्यात आशाताईनं कपाळावरची टिकली काढली आणि कागदावर लावली.

"ही मी," ती म्हणाली. "एक टिकली, एक बाई. अर्धी बिर्धी कुणी न्हाई."

टाळ्या पडल्या. खरंच सांगते, इतकी सोपी गोष्ट मला सुचली नाही म्हणून मला आशाताईचा रागच आला आणि मग तिला मिठी मारावीशी वाटली. मागं भिंतीला टेकून माझी आई बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती, हे मला स्पष्ट आठवतं.

मग मी नवा कागद केला. सहा चार्ट पेपर जोडून चादरीएवढा. त्यावर तीन मोठ्या घागरी काढल्या. पहिली काठोकाठ भरलेली, दुसरी अर्धी, तिसरीत तळाला पाणी. आमच्याकडं टँकरची वाट पाहिलेल्या बाईला यापुढं काही समजावून सांगावं लागत नाही. जिचं रक्त चांगलं तिनं पहिल्या घागरीत टिकली लावायची, कमी असेल तिनं दुसरीत, फारच कमी असेल तिनं तिसरीत. टिकल्या आशाताईनं आष्टीच्या बाजारातून आणल्या. लाल, मरून, खड्याच्या, नागमोडी, जिला जी आवडेल ती तिनं उचलावी म्हणजे आपली आपल्याला ओळखू येईल. हीसुद्धा तिचीच अक्कल.

तपासणी शाळेच्या व्हरांड्यात ठेवली. सगळ्या आळ्यांतल्या बायांना यायला संकोच वाटू नये अशी गावात तीच एक जागा. एका टोकाला सिस्टर टेबल मांडून बसली. बोटाला टोचायची, थेंब पट्टीवर घ्यायची, यंत्रातला आकडा वहीत लिहायची आणि बाईला घागर सांगायची. पुढं आशाताई सतरंजीवर बसली होती. टिकल्यांची पाकिटं ठेवायला कुणाच्या तरी घरचं पितळी ताट आणलेलं. टोचल्यावर घेरी येऊ नये म्हणून कुणीतरी त्याच ताटात वाटीभर साखर ठेवली. आलेली बाई वाकून टिकली घ्यायची, चिमूटभर साखर तोंडात टाकायची आणि माझ्याकडं कागदापाशी यायची. कोणी हौसेनं नवी साडी नेसून आली होती. मला तो सगळा देखावा इतका गोड वाटला, की मी मोबाइलवर फोटो काढला. तो फोटो अजून माझ्याकडं आहे. त्यात जे दिसतंय ते मला त्या दिवशी दिसलं नाही.

मोहल्ल्यातल्या भाभी आल्या, हसत म्हणाल्या, "माथे पे नई, तो कागज पे सही," आणि भरलेल्या घागरीत हिरवी टिकली लावून गेल्या. बुद्धविहाराजवळच्या आळीतली एक आजी आली. नवरा जाऊन तिला कैक वर्षं झालेली. ताठ चालत आली, ताटातली सगळ्यात मोठी टिकली उचलली आणि अर्ध्या घागरीत अंगठ्यानं दाबून लावली. रांगेतल्या बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. कुणीतरी पदराआड फिसकन हसलं. आजीनं मागं वळून पाहिलं. "काय? मला रक्त न्हाई का?" असं म्हणून ती निघून गेली. मला तिची गंमत वाटली. तेवढ्यात पुढची बाई आली आणि मी तिला घागर दाखवू लागले.

दुपार कलली तशी माझी गंमत ओसरायला लागली. भरलेल्या घागरीत टिकल्या सुट्या सुट्या होत्या, मधून कागद दिसत होता. अर्धी बऱ्यापैकी भरली. आणि तिसरी, जिच्यात मी तळाला दोन बोटं पाणी काढलं होतं, ती टिकल्यांनी गच्च भरली. गळ्यापर्यंत आल्या, मग काठापर्यंत, आणि मग जागा उरेना म्हणून बाया घागरीच्या बाहेर, कडेच्या कोऱ्या कागदावर लावू लागल्या. एक विशीतली पोरगी, गेल्या उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली, हातात खड्याची टिकली घेऊन उभी होती. "बाई, कुठं लावू? जागाच न्हाई." मी तिच्या तोंडाकडं पाहत राहिले. या बाया मी रोज पाहते. डोक्यावर हंडे, काखेत पोरं, कापूस वेचून वाकलेल्या, हसणाऱ्या, माझ्या चित्रांची टर उडवणाऱ्या. यांच्या अंगात रक्तच नाही? मग या चालतात कशावर? इतकी वर्षं आलेख शिकवले, पण आलेखाकडं पाहवत नाही असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

सिस्टर वही घेऊन पुढच्या गावांना निघून गेली. तिच्या वहीवरून सरकारी याद्या यथावकाश झाल्या असत्याच. पण गावापुरता हिशेब तो व्हरांड्यातला कागदच होता. ग्रामपंचायतीनं जीप ठरवली. तळाच्या घागरीतल्या बायांना तुकड्या तुकड्यानं जालन्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचं असं ठरलं. यादी करायला आशाताईला काही त्रास पडला नाही. प्रत्येक बाई येऊन बोट ठेवून सांगायची, ही नागाची माझी, ही मरून माझी. गावातल्या पुढाऱ्यांपैकी एकजण आला आणि म्हणाला, "बाई, बाहेरचे लोकं येतेत शाळंत. हे टांगून ठेवणं बराबर न्हाई. गावाची बदनामी व्हती." मी म्हणाले, "उतरवते. पण आधी तुमच्या घरची टिकली कोणत्या घागरीत आहे ते स्पीकरवरून सांगते, मग उतरवते." तो कागदाजवळ गेला, तिसऱ्या घागरीपाशी वाकला आणि निघून गेला. त्यानंतर कुणी कागदाला हात लावला नाही.

जीपच्या पहिल्या खेपेच्या सकाळी व्हरांड्यात जत्रा भरल्यासारखी झाली. जाणाऱ्या बाया, त्यांच्या पोरांना सांभाळायला थांबलेल्या जावा, दशम्यांच्या पिशव्या. ड्रायव्हर तंबाखू मळत उभा. म्हाताऱ्या बाया मागं भिंतीला टेकून बसलेल्या, त्यात आईही. कागदाभोवती बायांचा खेळच चालला होता, तुझी कोणती, माझी कोणती. मीही रंगात आले. आईला हाक मारली.

"आई, तू नाही दाखवलीस. तुझी कोणती गं?"

आई हसली. "मला कशाला टिकली, माय?"

मला वाटलं ती तपासायला आलीच नव्हती. "म्हणजे? तू टोचून घेतलं नाहीस?"

"घेतलं की. दोन डाव टोचलं. पह्यल्यांदा सिस्टरला वाटलं मशीन बिघडली. मंग दुसऱ्या बोटाला टोचलं."

"मग काय म्हणाली?"

"तळ म्हणली. गाडीनं जावं लागंल म्हणली. पुढं ताटाकडं जा, ताई टिकली देतील." आई अगदी सहज सांगत होती, बाजारातून कोथिंबीर मिळाली नाही म्हणून मेथी आणली असं सांगावं तसं. "मी ताट पाह्यलं. साखर, टिकल्या. आन मागं फिरले. तिथं आपलं काय काम?"

मला काही कळेना. मग कळलं, आणि मी भिंतीकडं पाहिलं. आईच्या शेजारी आणखी बसल्या होत्या. कुणी सोयऱ्यातली, कुणी शेजारची, एक तर माझ्यापेक्षा लहान, तिचा नवरा शहागडजवळ हायवेवर ट्रकखाली गेलेला. सगळ्यांची कपाळं मोकळी. सगळ्यांनी त्या दिवशी रांगेत उभं राहून बोट पुढं केलं होतं, त्यांतल्या काहींना मी स्वतः पाहिलं होतं. आणि कागदावर यांच्यातली एकीचीही टिकली नव्हती. आम्ही पितळी ताट मांडलं, टिकल्या मांडल्या, साखर ठेवली, आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही की हे तर संक्रांतीचं हळदीकुंकू मांडलंय. ज्यांना लहानपणापासून शिकवलंय की नवरा गेल्यावर अशा ताटापासून चार हात लांब राहायचं, त्या बिनबोभाट लांब राहिल्या. कुणी त्यांना हाकललं नाही. हाकलायची गरजच पडली नाही.

मी आशाताईकडं पाहिलं. तिनं तोंडावर हात ठेवला होता.

"डोळा दाखव," मी आईला म्हणाले. तिची खालची पापणी ओढली. आत लाल रेघ असते ना, ती नव्हतीच. चुन्यासारखी पांढरी. आणि तेव्हा मला एकदम पेन्सिली आठवल्या. "आई, त्या पेन्सिली कोण खातं?"

आईनं पापणीवरचा माझा हात बाजूला केला. "तोंडाला वास बरा वाटतो तिचा," ती म्हणाली आणि लाजली. माझी आई, नातवंडं असलेली बाई, शाळकरी पोरीसारखी लाजली. अंगात रक्त नसलं की माणसाला माती, खडू, पेन्सिल खावीशी वाटते, हे मी स्वतः तिसरी-चौथीच्या पोरींच्या आयांना सांगत आले आहे. आणि माझ्याच खोक्यातल्या पेन्सिली मीच तिला पुरवत होते. मला त्या व्हरांड्यात ओरडावंसं वाटलं. कुणावर ते कळत नव्हतं.

"चल," मी म्हणाले. "गाडीत बस. आत्ताच्या आत्ता."

"न्हाई."

"न्हाई काय? ऊठ!"

"ती ह्या बायांची गाडी हाय. ज्यांच्या टिकल्या हायत त्यायची. लेकरंबाळं टाकून निघाल्यात त्या. मी कुणाची जागा घेऊ? मी काय आज मरू राह्यले का?"

बाया म्हणाल्या, काकू बसा, मी उद्याच्या खेपेत जाते. आशाताई म्हणाली, मी माझी जागा देते. आई हलेना. तिचा हट्ट मला नवा नाही, मला जो मिळालाय तो तिच्याकडूनच. मी आशाताईच्या पिशवीतलं उरलेल्या टिकल्यांचं पाकीट उचललं, एक टिकली काढली आणि तिच्यासमोर धरली. "ही घे. लाव तळाच्या घागरीत. झाली तुझी जागा."

आईनं हात असा मागं घेतला, जणू मी निखारा धरला होता. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. माझ्या आईला मी घाबरलेली कधी पाहिली नव्हती. वडील गेले तेव्हाही ती घाबरली नव्हती.

"सगळ्यांसमोर?" ती हळूच म्हणाली. "नवी टिकली? काय बोलतील लोकं?"

"अगं, ती कपाळाला नाही लावायची! कागदाला लावायची! मोजायला!" माझा आवाज फाटला. "तू आहेस, तुझ्या अंगात रक्त नाही, हे मोजायला!"

"मंग बिनटिकलीचं मोज."

"तसं कसं मोजू?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. तिला टोमणा मारायचा नव्हता, ती फक्त मला माझाच धडा म्हणून दाखवत होती. "तूच म्हणती ना रोज. चित्रात हाय तेवढंच मोजायचं. मनाचं मिळवायचं न्हाई. मी हितून आयकते."

वर्गात मी त्या पोराला गप्प बसवते, आढीतल्या आंब्यांबद्दल विचारणाऱ्या. त्याचं बरोबर होतं. चित्रात नसलेलंही असतं, घराच्या कोपऱ्यात पेंढ्याखाली झाकलेलं, आणि ते कुणी मोजलं नाही तर तिथंच सडतं. मी सगळ्यांसमोर रडले. शाळेतली बाई रडतेय म्हणून जावांच्या कडेवरची लेकरंसुद्धा वळून बघू लागली.

आई उठली. भिंतीला धरून उठली, हे मी त्या दिवशी पाहिलं. ती अशीच उठत असणार, कितीतरी महिने. ती कुंपणातल्या फटीतून आपल्या घरात गेली. मला वाटलं, संपलं, आता ती दाराला कडी लावून बसणार. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. आशाताई त्याच्यावर खेकसली.

आई परत आली तेव्हा तिची मूठ मिटलेली होती. ती सरळ कागदापाशी गेली. मूठ उघडली तर आत एक टिकली होती. जुनी, मखमलीची, मरून रंगाची, कडेला विटलेली. मी ती लगेच ओळखली. आमच्या घरातल्या आरशाच्या कोपऱ्यात ती चिकटवलेली असायची. सगळ्याच घरांत असतात तशा, रात्री काढून आरशाला लावायच्या, सकाळी परत कपाळाला. मी आठवड्याला दहा वेळा त्या आरशात भांग नीट करते. ती टिकली अजून तिथं आहे हे माझ्या डोळ्यांना दिसत होतं आणि मला दिसलं नव्हतं.

"ही माझीच हाय," आई म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तुझा बाप गेला त्या दिवशी सकाळी लावायची राह्यली. नवी न्हाई घेतली मी. माझीच हाय ही."

तिनं ती तळाच्या घागरीत लावली. मधोमध, दोन टिकल्यांच्या फटीत. बोट काढलं आणि टिकली खाली पडली. इतक्या वर्षांत तिचा गोंद वाळून गेला होता. आईनं वाकून ती उचलली, पुन्हा लावली आणि बोट तसंच दाबून धरलं. टोचलेलं बोट होतं ते. नखाखालीसुद्धा पांढरं.

"काकू, चला आता," आशाताई म्हणाली. "बसा गाडीत."

"बोट काढलं की पडती," आई म्हणाली. "मंग मी कशी बसू?"

ती हट्टानं म्हणत नव्हती. तिला खरंच प्रश्न पडला होता. टिकली पडली तर तिची गाडीतली जागा गेली, असंच तिला वाटत होतं, आणि ते तिला मी आणि हा कागद आणि हे सगळं गाव मिळून आजवर शिकवत आलो होतो.

मी पुढं झाले. तिच्या बोटावर माझं बोट ठेवलं. "तू हळूच काढ. मी धरते."

"सोडू नको."

"नाही सोडत."

"गोंद आणीपस्तोर धर."

"धरते. तू जा. मी मागून एसटीनं येते."

तिनं माझ्या बोटाखालून आपलं बोट काढून घेतलं. आशाताईनं तिला दंडाला धरून जीपमध्ये पुढं बसवलं. पुढचं थोडक्यात सांगते. जालन्याला तिला लगेच दाखल करून घेतलं. डॉक्टरांनी आकडा पाहिला, मग तिच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "या चालत आल्या?" रक्ताच्या पिशव्या चढल्या, एकीसाठी भावानं रक्त दिलं. ती मस्तगडात त्याच्याकडं राहिली, पहिल्यांदाच, आणि आता घरी आहे. पेन्सिली मागत नाही. माझ्या वर्गात मी ते वाक्य आता म्हणत नाही. पोरानं आढीतल्या आंब्यांचं विचारलं की मी म्हणते, जा, पाहून ये.

पण ती सकाळ. जीप धूळ उडवत वळणाआड गेली आणि मी कागदापाशी तशीच उभी होते, तळाच्या घागरीवर एक बोट दाबून, डाव्या हातानं डोळे पुसत. शाळेतला गोंद कपाटात होता आणि कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये, पर्स वर्गात. बोट सोडवेना. गर्दी पांगली, जावा पोरांना घेऊन गेल्या. भिंतीला टेकलेल्या तेवढ्या राहिल्या होत्या.

त्यांच्यातली एक उठून गेली आणि वाटीत पिठाची खळ घेऊन आली. चुलीवर शिजवलेली, अजून कोमट. तिनं बोटानं थोडी घेऊन टिकलीच्या मागं लावली, मी टिकली दाबली आणि बोट काढलं. राहिली. आम्ही दोघी पाहत होतो. ती वाटी हातात घेऊन थांबली होती. मागं बाकीच्या उभ्या राहिल्या होत्या, ती ट्रकखाली नवरा गेलेली पोरगी सगळ्यात मागं.

"बाई," वाटीवाली म्हणाली, "आमच्या आरशावरची बी चालंल काय?"

"चालेल," मी म्हणाले. "घेऊन या."